जादूच्या गोड पदार्थांचं कॉमिक मुलांसाठी कसं करायचं: पहिल्या कल्पनेपासून छपाईच्या फाइलपर्यंत

घरातलं गोड पदार्थांचं दुकान बुडायला आलंय, पोरांच्या हाती जादूची रेसिपी लागते, मग धमाल गोंधळ आणि शेवटी दुकान वाचतं. मुलांच्या कॉमिकसाठी हा विषय मस्तच आहे, हसायला भरपूर, खायचं भरपूर, आणि आत घर वाचवायची खरी काळजी. पण ऐकायला इतका सोपा वाटतो की बरेच जण थेट चित्रं काढायला बसतात आणि आठदहा पानांवर गाडी अडकते, कारण जादू काहीही करू शकते म्हटल्यावर मग पुढे अडचणच उरत नाही, आणि अडचण नाही तर गोष्ट कुठली.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून टाका. दुकान जादूने वाचवायचं नाही. जादूने गोंधळ घालायचा, जादूने पोरांना काहीतरी शिकवायचं, पण दुकान वाचलं पाहिजे ते पोरांच्या डोक्याने आणि हातांनी. आठदहा वर्षांचं मूल हे बरोब्बर ओळखतं, शेवटी छडी फिरवून सगळं ठीक केलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं. खालचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

## १. आधी दुकान का बुडतंय ते ठरवा

हे लोक एका ओळीत उरकतात, "धंदा चालत नव्हता". का चालत नव्हता? मुलांना पैशाचं कळत नाही हा गैरसमज आहे, छान कळतं, फक्त ते डोळ्यांना दिसेल असं मांडायला लागतं.

उदाहरणासाठी एक दुकान घेऊ. दहा वर्षांची इरा, तिचा सहा वर्षांचा भाऊ बंड्या, आणि दुकान चालवणारी आजी. समोर चकचकरावांचं झगमगीत नवं दुकान उघडलंय. आता हिशोब, गोष्टीतल्या नाण्यांमध्ये. आजी रोज ४० पुडिंग करते, एक करायला ४ नाणी लागतात, विकते ६ नाण्यांना. पूर्वी चाळीसच्या चाळीस संपायची, आता २२ च विकली जातात. म्हणजे आले १३२, गेले १६०, रोज २८ नाण्यांचा खड्डा, वर दिवसाचं भाडं ३० नाणी. उरलेली १८ पुडिंगं रात्री फेकायची.

आता बघा, याच दुकानात आजीने २४ च पुडिंग केली आणि गिऱ्हाईक तेवढंच २२ आलं तरी खर्च ९६, आवक १३२, म्हणजे ३६ नाणी हातात, भाडं देऊन ६ उरतात. एकही नवं गिऱ्हाईक न आणता दुकान तोट्यातून बाहेर! हा शोध इराला लागला पाहिजे, आणि तो लागण्यासाठी तिने रोज रात्री कचऱ्याच्या डब्याकडे नीट बघितलं पाहिजे. ही गोष्टीची खरी किल्ली. जादू ही त्या किल्लीपर्यंत पोचायचा वेडावाकडा रस्ता.

कॉमिकमध्ये हा हिशोब आकड्यांत लिहून दाखवू नका, चित्रात दाखवा. एका पानभर चाळीस पुडिंगं ओळीने, त्यातली बावीस रंगीत, अठरा राखाडी. मूल बोट ठेवून मोजतं, स्वतः मोजलं की त्याला इराच्या आधी कळतं, आणि ते वरडतं "अगं कमी कर ना!" हा आनंद फुकट घालवू नका.

तुमच्या गोष्टीत कारण वेगळं असू शकतं. रेसिपीची वही हरवली, दुकानातलं मोठं माणूस आजारी पडलं, रस्ता खोदला म्हणून गिऱ्हाईक येईना. काहीही चालेल, पण ते कारण (अ) चित्रात दिसलं पाहिजे आणि (ब) मुलाच्या आवाक्यातल्या एखाद्या कृतीने सुटण्यासारखं असलं पाहिजे. मोठं कर्ज एका रात्रीत फिटणं हे आवाक्यातलं नाही, म्हणून मग लेखकाला खजिना नाहीतर श्रीमंत काका आणावा लागतो आणि गोष्ट पोरांच्या हातातून सुटते.

## २. जादूचे नियम खऱ्या किचनमधून उचला

हा माझा सगळ्यात आवडता भाग, इथे वेळ घालवा. गोड पदार्थांमध्ये आधीच इतक्या चमत्कारिक गोष्टी घडतात की जादू हवेतून काढायची गरजच नाही. पदार्थ मुळात जसा वागतो तशीच त्याची जादू वागली पाहिजे, म्हणजे नियम वाचणाऱ्याला आपोआप पटतो.

जेली घ्या. जिलेटिन थंडीत घट्ट होतं, उबेत वितळतं. म्हणजे जेली खाल्ली की अंग रबरासारखं थलथलीत होतं, भिंतीवर आपटलं तरी उडून परत येतं, पण उन्हात उभं राहिलं की जादू वितळते. आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट, ताजं अननस घातलं तर जेली सेटच होत नाही! अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते जिलेटिनचं प्रोटीन तोडून टाकतं. किवी आणि पपईतही अशीच एन्झाइम्स असतात. डब्यातलं अननस मात्र चालतं, कारण डबाबंद करताना ते तापवतात आणि उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. म्हणजे तुम्हाला जादूवरचा उतारा फुकटात मिळाला, ताजं अननस. बंड्याला पहिल्या पानापासून सतत अननस खाताना दाखवा, कोणाला संशय येणार नाही, मधे त्याच्या चिकट हातांमुळे एक घाणा बिघडेल तेव्हा मूल हसेल, आणि शेवटी थलथलीत झालेल्या चकचकरावांना पूर्ववत करायला तेच अननस कामी येईल.

तोंडात तडतडणारी कँडी माहितीये ना, तिच्यात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली कोंडलेला असतो, कँडी विरघळली की तो फटाफट सुटतो. तर जादूची तडतडी कँडी खाल्ली की पोटात कोंडलेलं गुपित तोंडातून फटाफट बाहेर पडतं. हसवायला याच्याइतकं सोपं हत्यार नाही.

सूफले, म्हणजे फेटलेल्या अंड्याचा हलका पदार्थ, ओव्हनमध्ये फुगतं कारण आतली हवा आणि वाफ गरम होऊन पसरते, बाहेर काढलं की काही मिनिटांत खाली बसतं. म्हणजे खाणारा हवेत तरंगणार, पण काही मिनिटंच, आणि खाली उतरायला जागा बघून ठेवली नसेल तर झालीच पंचाईत. इथे घड्याळ आपोआप आलं गोष्टीत.

कॅरॅमल: साखर साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला रंग बदलायला लागते, मग सोनेरी आणि करपलेली यात अगदी थोडे क्षण असतात. जादूचं कॅरॅमल वेळ हळू करतं, पण ते काही क्षण चुकले की कडू, आणि कडू कॅरॅमलने वेळ उलट सुसाट पळते. मेरिंग: अंड्याचा पांढरा भाग फेटून फेस, त्यात पिवळ्याचा थेंब जरी पडला तरी त्यातल्या फॅटमुळे फेस नीट धरत नाही. म्हणजे हलकं होण्याची जादू एका थेंबाने बिघडते. चॉकलेट: कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं शरीर ३७ अंश, म्हणूनच ते तोंडात विरघळतं पण थंड खोलीत कडक राहतं. अदृश्य होण्याची जादू असेल तर ती अशी, तोंडात विरघळेपर्यंतच.

सगळं एका पुस्तकात कोंबायचं नाही हं. ३२ पानांच्या कॉमिकला तीन पदार्थ पुरे, चौथा आला की पहिल्याचा नियम मूल विसरतं. एक हसवणारा, एक पळापळीचा, एक अंगाशी येणारा.

आता किंमत. जादू फुकट मिळाली तर तिला अर्थ नाही. माझ्या डोक्यात अशी किंमत येते: जो जादूचा पदार्थ करतो त्याची स्वतःची चव दिवसभरासाठी जाते. इरा जादूची जेली करते, गिऱ्हाइकांची रांग लागते, पण तिला काहीच चव कळेना, दुसऱ्या घाण्यात साखरेच्या जागी मीठ पडतं आणि तिला पत्ताच नाही. मग तिला चाखायला कोणीतरी लागतं, म्हणजे आजीला आणि बंड्याला सांगावं लागतं, म्हणजे गुपित फुटतं, आणि घर एकत्र कामाला लागतं. एका किंमतीतून गोष्टीचा अर्धा सांगाडा उभा राहतो. तुम्ही दुसरी किंमत शोधा, पण तिने पात्रांना एकमेकांकडे ढकललं पाहिजे, नुसती शिक्षा नको.

हे सगळे नियम एका कागदावर लिहून भिंतीला लावा. काय होतं, किती वेळ, कशाने थांबतं, करणाऱ्याचं काय जातं. चार ओळी प्रत्येक पदार्थाला. पुढे कुठेही अडलात तर नवा नियम शोधायचा नाही, याच कागदाकडे बघायचं.

## ३. माणसं

इथे थोडक्यात. मुख्य पात्राला एक हवं असलेलं आणि एक टाळत असलेलं काम द्या. इराला वाटतं मोठी कमाल करून आजीला चकित करावं, आणि ती टाळते ते म्हणजे कोणाची मदत मागणं. बंड्याला खायचंय, बस, धाकट्या भावंडाला एवढं पुरतं. आजी अडाणी किंवा हतबल दाखवू नका, तिला काम येतं, फक्त तिचे हिशोब जुन्या दिवसांचे आहेत, चाळीस पुडिंग ही तिची सवय आहे आणि सवय मोडताना तिला वाईट वाटतं. तो एक हळवा क्षण गोष्टीत असू द्या, एकच चौकट पुरे, आजी रिकामा ट्रे परत रॅकवर ठेवतेय.

खलनायक दुष्टच हवा असं नाही. चकचकरावांना गोड खाताच येत नाही, लहानपणी कोणी हातात दिलंच नाही, असं काही असेल तर शेवटी त्यांना हरवण्यापेक्षा खायला बसवणं जास्त मजेचं. मुलांना खलनायकाची फजिती मात्र हवीच, ती भरपूर द्या.

दिसायला प्रत्येकाचा आकार वेगळा ठेवा. इरा उभट, बंड्या गोल, आजी त्रिकोणी (मोठा ॲप्रन), चकचकराव चौकोनी. सगळ्यांना काळ्या रंगात भरून टाका, नुसत्या सावलीवरून ओळखू आले तर पास. मग प्रत्येकाचं एक शीट करा, समोरून, बाजूने, मागून, आणि चारपाच चेहरे: हसताना, रडकुंडीला, चिडलेलं, आणि तोंडात घास असताना. हा शेवटचा या कॉमिकमध्ये सतत लागणार आहे.

## ४. पानांचा हिशोब

मधे पिन मारलेलं पुस्तक असेल तर पानं ४ च्या पटीत लागतात. मुलांच्या पहिल्या कॉमिकला ३२ पानं छान. त्यातली शीर्षक वगैरेची दोन वजा केली तर गोष्टीला ३० धरा.

ढोबळ वाटणी अशी करते मी: पहिली पाच पानं दुकान, माणसं आणि खड्डा. सहाव्या सातव्याला रेसिपी हाती लागते. मग बारा तेरा पानं पदार्थ, गोंधळ, आणि खोटा विजय, म्हणजे रांग लागली, दुकान वाचलं असं सगळ्यांना वाटतं. मग सगळं उलटं पडतं, पाच सहा पानं. त्यातच एक शांत पान, जिथे इरा कचऱ्याच्या डब्यासमोर बसून मोजते. उरलेली पानं पोरांचा स्वतःचा बेत, पळापळ, आणि शेवट. मधला भाग सगळ्यात लांब हवा कारण मुलं पुस्तक परत परत उघडतात ते त्या गोंधळासाठी.

आणि एक तांत्रिक पण फार कामाची गोष्ट. आपल्या पुस्तकात पान १ उजवीकडे येतं, मग २-३ समोरासमोर, ४-५ समोरासमोर. म्हणजे विषम पान उजवीकडे, आणि ते वाचून झालं की मूल पान उलटतं. त्यामुळे "आता काय होणार" हे विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत, आणि दणका सम पानाच्या पहिल्या चौकटीत. उलट केलंत तर मुलाची नजर समोरच्या पानावर आधीच जाते आणि दणका फुकट. मोबाइलवर उभ्या स्क्रोलसाठी करत असाल तर हेच काम लांब रिकामी जागा करते, दणक्याच्या आधी जागा सोडा, बोट सरकवायला लागू द्या.

## ५. स्क्रिप्ट, आणि एक पान जवळून

स्क्रिप्टला ठरलेला साचा नाही, पान, चौकट, काय दिसतं, कोण काय बोलतं, आवाज, एवढं असलं की झालं. एक पान लिहून दाखवते. पान ११, म्हणजे उजवीकडचं.

*चौकट १, रुंद.* रात्र, दुकानाचं किचन. टेबलावर चाळीस वाट्यांमध्ये हिरवी जेली. इरा कंबरेवर हात ठेवून उभी.
इरा: सकाळी बघ बंड्या, रांग लागेल रांग!

*चौकट २.* टेबलाखाली बंड्या, हातात अननसाची फोड, कोपरापर्यंत रस.
बंड्या: ताई, मी एकच चाखू?

*चौकट ३.* इरा पाठमोरी, फ्रिज उघडतेय.
इरा: हात लावलास तर बघ!

*चौकट ४, छोटी.* फक्त बंड्याचा हात, रसाचा एक थेंब वाटीत पडतोय.
आवाज: टप्प

*चौकट ५, छोटी.* तीच वाटी. जेली नुसती थोडी हललीये. बोलणं नाही.

*चौकट ६.* इरा वळून बघते, डोळे विस्फारलेले, तिच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड.
इरा: बंड्या... तू काय केलंस?

बघा, या पानात जादू दाखवलीच नाहीये. थेंब आणि हललेली जेली, दोन छोट्या चौकटी, त्यातली एक मुकी. मूल तिथेच थांबतं, कारण नियम त्याला माहिती आहे (अननसाने जेली बिघडते हे पान ८ वर येऊन गेलंय). आणि मग पान १२ वर पूर्ण पानभर एकच चित्र, जे काय व्हायचं ते. पानभर चित्र पुस्तकात दोन तीनदाच वापरा, त्याहून जास्त झालं की जोर जातो.

एका पानाला साधारण ४ ते ६ चौकटी. बोलण्याच्या एका फुग्यात दहा बारा शब्द, फार तर पंधरा, नुकतं वाचायला लागलेलं मूल जोडाक्षरांवर अडखळतं आणि फुगा मोठा असला तर चित्र बघायचं सोडून देतं. चित्रात दिसतंय ते बोलण्यात परत सांगू नका, "अरेरे, माझ्या हातातून वाटी पडली" असं कोणीही कधी बोलत नाही.

संवाद मोठ्याने वाचून बघा, शक्यतो दोघांनी मिळून. बंड्या "मी एकच चाखू?" म्हणतो, "मी याची चव घेऊ शकतो का" म्हणत नाही. आजीशी पोरं अगं तुगंच बोलणार, गिऱ्हाइकांशी आजी "अहो, जरा थांबा, गरम आहे" म्हणणार, आणि चकचकराव स्वतःलाच आदराने हाक मारणार, "आम्ही येतोय!" कोण कसं बोलतं यावरूनच नाव न लिहिता पात्र कळलं पाहिजे.

## ६. आवाज

मराठीत यासाठी खजिनाच आहे आणि तरी कॉमिकवाले बूम, क्रॅश लिहित बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं. पाक उकळतोय खदखद, सोडा पडला फस्स्स, गरम तव्यावर थेंब चर्रर्र, जेली थलथल, बिस्कीट कुर्रुम, कँडी तडतड, ट्रे पडला खणण्ण, पीठ पडलं धप्प, चमचा बरणीत खुळखुळ. किचनमध्ये जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून ऐका आणि ऐकू येईल तसं लिहा, कोशात नसलं तरी चालतं.

हे आवाज फाँटने टाइप करू नका, हाताने काढा. थलथलची अक्षरं थलथलीत, कुर्रुमच्या अक्षरांना चावल्यासारखे तुकडे पडलेले, फस्स्सचा स लांबत फेसात विरघळणारा. शिरोरेषेचा इथे छान खेळ होतो, ती वाकवा, तोडा, पाकासारखी तारेत ओढा.

## ७. थंबनेल, पेन्सिल, शाई

स्क्रिप्ट झाली की सगळी पानं काडेपेटीएवढी काढा, हीच थंबनेल. काठीची माणसं, फुग्याच्या जागी गोळे. सगळी ३२ एका नजरेत मावली पाहिजेत. इथे पान बदलायला दोन मिनिटं लागतात, शाई झाल्यावर दोन दिवस. या टप्प्यावर एखाद्या मुलाला बोट ठेवून "गोष्ट सांग" म्हणा. जिथे त्याचं बोट चुकीच्या चौकटीकडे जातं तिथे मांडणी चुकली आहे, त्याला समजावत बसू नका, पान बदला.

फुग्यांची जागा चित्राच्या आधी. हे कळकळीने सांगते. आधी चित्र काढून मग फुगे कुठे बसवायचे बघितलं की कोणाच्या तरी डोक्यावर नाहीतर पदार्थावर फुगा येतो. जो आधी बोलतो तो डावीकडे किंवा वर, उत्तर देणारा उजवीकडे. शेपूट तोंडाच्या दिशेने.

कागदावर काढत असाल तर छापायच्या आकाराच्या दुप्पट कागद घ्या, म्हणजे पुस्तक ए५ असेल तर ए४ वर काढा, लहान केल्यावर रेषा सुबक दिसते. फक्त फार बारीक तपशील टाळा, ते लहान झाल्यावर चिखल होतात. डिजिटलसाठी क्रिटा हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि कॉमिकला पुरेसं आहे, क्लिप स्टुडिओ पेंट आणि आयपॅडवर प्रोक्रिएट हे विकतचे पर्याय. सुरुवात कागदावर केलीत तरी काही बिघडत नाही.

पदार्थ काढताना नेहमी एक चावा घेतलेला तुकडा दाखवा, आतला पोत दिसला की तोंडाला पाणी सुटतं. चकाकीचा एकच पांढरा ठिपका, तोही सगळीकडे एकाच बाजूला. वाफ तीन रेषांत. आणि चॉकलेट मोडताना कड सरळ तुटलेली काढा, नीट टेंपर केलेल्या (वितळवून ठरावीक तापमानाला आणून गार केलेल्या) चॉकलेटची तीच खूण, खाणाऱ्या मुलांना ते माहिती असतं.

## ८. रंग आणि अक्षरं

रंग कमी ठेवा. दुकानाला एक उबदार गट, चकचकरावांच्या दुकानाला थंड निळा-चंदेरी, आणि जादूला एकच राखीव रंग जो एरवी कुठेही वापरायचा नाही. पानावर तो दिसला की मुलाला कळतं, आता होणार काहीतरी. दुकान वाचतं त्या पानांवर हा रंग अजिबात नसू द्या, न सांगता कळतं की हे जादूने झालेलं नाही.

छापायचं असेल तर एक सावधानता: स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे, जांभळे रंग आरजीबीचे (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे) असतात, छपाई सीएमवायकेमध्ये (निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईत) होते आणि तिथे ते मळकट पडतात. म्हणून चमक रंगातून आणू नका, आजूबाजूचं गडद करून आणा. हिरवा उजेड हवा तर किचन गडद निळं करा.

अक्षरांसाठी युनिकोड फाँटच घ्या. बालू गुबगुबीत आहे, कलम हाताने लिहिल्यासारखा, मुक्ता साधा स्वच्छ, तिन्ही मोफत मिळतात आणि छापायला परवानगी असलेल्या लायसन्सवर आहेत. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट धरा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. ओरडायचं असेल तर अक्षर मोठं आणि जाड, कुजबुजायला लहान. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. सॉफ्टवेअर जोडाक्षरं नीट जोडतंय का हे आधी "खट्याळ", "कुर्रुम", "क्षण" असे शब्द टाइप करून बघा, इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं सुटी सुटी दिसली तर पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा.

## ९. मुलांना दाखवा, मग छापा

शाई होण्याआधी पेन्सिलची पानं तीनचार मुलांना द्या, शक्यतो ओळखीची नकोत, आणि तुम्ही गप्प बसा. विचारायचे प्रश्न तीनच. जेलीची जादू कशाने थांबते? दुकान का बुडत होतं? दुकान कोणी वाचवलं? तिसऱ्याचं उत्तर "जादूने" आलं तर शेवटची पानं परत लिहायची, कितीही चित्रं झाली असली तरी. मुलं कुठे हसतात त्याची खूण करून ठेवा, आणि जिथे पानं भराभर उलटतात तिथलं एखादं पान काढून टाका.

ॲलर्जीचाही विचार करा. गोष्टीत शेंगदाणे, सुकामेवा, अंडी असतील तर अनोळखी माणसाने दिलेलं खाऊन चमत्कार झाला असं दाखवू नका, आजीला एका फुग्यात "यात काय काय आहे ते आधी विचारावं बाळा" म्हणू द्या, गोष्ट अडत नाही. तसंच उकळता पाक आणि ओव्हनपाशी मोठं माणूस जवळ असलेलं दाखवा. शेवटी खरी करता येईल अशी एखादी रेसिपी द्यायची असेल तर विस्तव न लागणारी द्या, आणि दोन मुलांकडून करून बघा, सूचना वाचून त्यांना जमली तरच छापा.

छपाईच्या फाइलला रंगीत पानं ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी चित्राची जादा पट्टी), आणि महत्त्वाचे चेहरे-फुगे कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत. पीडीएफमध्ये फाँट एम्बेड (फाइलमध्येच सामील) झालेत का बघा. आणि सगळ्या प्रती छापायच्या आधी एक नमुना प्रत मागवा, घरी घडी घालून पिन मारून बघा की दणक्याची पानं खरोखर सम आकड्यावरच आलीत ना, कारण पुढे एखादं जाहिरातीचं किंवा अर्पणाचं पान वाढलं की सगळे दणके एका पानाने सरकतात.